चौथ्या घराला अडतं

...आणि वर म्हणे, बोटच म्हातारं झालंय! माणूस म्हातारा होतो, गुडघे होतात, दात होतात, मान्य, पण एकटं बोट म्हातारं झालेलं कुणी पाहिलंय का, तेही उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं, म्हणजे बाकीची चार अजून कामावर आणि हे एकटंच निवृत्त? पण सगळे म्हणाले. एकानं म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं, पण साहेब म्हणाले, जोडीचा रखवालदार म्हणाला, मेहुणा म्हणाला, घरात बायको म्हणाली, आता चार माणसं एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर मीही म्हटलं, असेल. मी कशाला नाही म्हणू?

बसा हो, तुम्ही बसा त्या पायरीवर, दार उघडायला अजून वीस मिनिटं आहेत. बँकेचं दार आहे, वेळेआधी उघडलं तर जगबुडी होईल. ती स्कूटर जरा अलीकडे घ्या... नाही नाही, तुमची नव्हे, ती लाल... हां, अशी. बघा, हे आता माझं काम, गळ्यात शिट्टी आणि डोक्यावर ऊन. एकोणीस वर्षं मी त्या दाराच्या आत होतो, आत, पंख्याखाली, स्टुलावर, कमरेला पट्टा, पट्ट्याला रिव्हॉल्वर, आणि आत येणारा माणूस मला बघून आपोआप आवाज खाली आणायचा. अजून हात जातो हो कमरेला. सकाळी घरातून निघताना हात जातो आणि तिथं काय सापडतं, तर पॅन्टचा खिसा, खिशात रुमाल. तुम्हाला सांगतो, वाईट वाटतं. हसू नका, खरंच वाईट वाटतं.

आता हे झालं कसं, ते ऐका, नाहीतर तुम्हीही म्हणाल, बोट म्हातारं झालं.

या शाखेत रखवालदार दोन आणि रिव्हॉल्वर एक. एक आत, हत्यारासकट, तो मी. एक बाहेर, गाड्या लावायला, तो शिट्टीवाला. त्याला नाव आहे, पण अकरा वर्षं त्यानं इतकी शिट्टी मारली की नाव कुणाला ऐकूच आलं नाही. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, फक्त सहा, आणि मला काका म्हणतो! बरं, काका म्हणताना थांबतो, म्हणजे 'काय काका' असं सरळ नाही, 'काय... काका' असं, जणू मधल्या वेळात माझं वय मोजून घेतो.

आणि दरवर्षी आमची चाचणी. आम्हाला बँकेत नेमणाऱ्या कंपनीच्या मैदानावर जायचं, समोर कागदावर काळा माणूस छापलेला, त्याला सहा गोळ्या मारायच्या, चार लागल्या की पास. एवढ्या वर्षांत माझ्या कधी पाच लागल्या, कधी चार, सहा कधीच नाही, पण काळ्या माणसानंही कधी तक्रार केली नाही. या वर्षी कंपनीनं काय केलं, तर नवा नियम. बाहेरच्यानंही चाचणी द्यायची. दोघेही पास झाले तर जुना माणूस आत, मात्र जुना नापास आणि बाहेरचा पास झाला, तर पट्टा काढायचा आणि शिट्टी घालायची. म्हणजे मला काय पाहिजे होतं, तर चार. फक्त चार भोकं. गुडघ्याचं दुखणं घेऊन दिवसभर उन्हात उभं राहायचं की पंख्याखाली बसायचं, एवढा सगळा प्रश्न चार भोकांवर आला. म्हटलं, चार काय, डोळे मिटून मारीन.

आणि चाचणीला आठ दिवस उरले असताना, सकाळी, रिव्हॉल्वर करते काय... खर्रर्र.

थांबा, आधी हे सांगतो, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही. जुनी डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर आहे ती. तिचा चाप, म्हणजे बोटानं ओढतो तो, एकदा ओढला की त्या एकाच ओढीत तीन कामं होतात. सहा घरांचं चक्र एक घर पुढं सरकतं, मागचा हातोडीसारखा घोडा उठतो, आणि खाडकन पडतो. या बँकेत एका कामाला तीन खिडक्या फिरवतात, आणि तिथं तीन कामांना एक बोट! त्यामुळे चाप मुळातच जड, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जड निराळं आणि खरखरीत निराळं. भरलेला माठ जड असतो, पण तो उचलताना मध्येच अडकत नाही.

तर रोज सकाळी माझा एक नेम. दार उघडायच्या आधी रिव्हॉल्वर कपाटातून काढायची, चक्र उघडायचं, सहाही काडतुसं बशीत काढून ठेवायची, घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघायचं, मग बोट घालून बघायचं, मग पुन्हा डोळ्यांनी. मग पिवळ्या फडक्यानं पुसायची, ब्रशानं कानाकोपरा घासायचा, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे, आणि कोऱ्या भिंतीकडे धरून सहादा चाप ओढून बघायचा. मग वहीत लिहायचं, 'शस्त्र सुस्थितीत, चाप सुरळीत', आणि खाली सही. एकोणीस वर्षं, एक दिवस खाडा नाही. लग्नाच्या वाढदिवसाला मी बायकोला विसरलोय, पण त्या दिवशीसुद्धा तिला, म्हणजे रिव्हॉल्वरला, तेल घातलंय. हे बायकोनंच एकदा तारखेसकट सांगितलं.

आणि त्या सकाळी खर्रर्र. मध्येच अडला, मग जोर लावला तर सुटला, आणि सुटला तो असा की नळीचं टोक भिंतीवरून थेट छताकडे. म्हटलं, अरे! पुन्हा ओढला, सरळ गेला. पुन्हा, सरळ. असा आणखी काही वेळा सरळ, आणि मग पुन्हा खर्रर्र. एवढ्यात मागच्या दारानं साहेब आले. आता मी भिंतीकडेच धरली होती, भिंतीकडेच, पण त्या भिंतीच्या पलीकडे साहेबांची खोली, हे साहेबांच्या लक्षात आलं. म्हणाले, काय चाललंय? मी सगळं सांगितलं, चाप खरखरतोय, मध्येच अडतोय. साहेबांनी हत्याराकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि अगदी मायेनं म्हणाले, "तुमचं वय काय झालं हो आता?"

म्हणजे बिघाड कुठं आणि तपासणी कुणाची! म्हटलं साहेब, छप्पन्न. साहेब म्हणाले, होतं असं, माझंही पेन हल्ली जड लागतं. असेल. मी कशाला नाही म्हणू?

हे सगळं शिट्टीवाल्यानं खिडकीतून ऐकलं. बाहेर आलो तर हा उभा, आपलं बोट माझ्यासमोर धरून ते वाकवतोय, सरळ करतोय, वाकवतोय, सरळ करतोय. म्हणाला, "काय... काका, बोटात दम उरला नाही वाटतं?" म्हटलं, दम छातीत असतो, बोटात नसतो. म्हणाला, रिव्हॉल्वर काय छातीनं ओढता?  मी ऐकून घेतलं. आणि ऐकून घेतल्यावर काय होतं माहितीये का, आपल्यालाच ते पटायला लागतं. दिवसभर स्टुलावर बसून मी आपला बोटाकडे बघतोय. पेर जरा जाडसर झालंय, नखावर एक रेघ आलीय, ही कधी आली? गिऱ्हाईक विचारतंय, पैसे भरायची खिडकी कुठली, आणि मी त्याला बोट दाखवायच्या ऐवजी बोटाकडेच बघत बसलोय.

घरी जाऊन सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, शेवटपर्यंत, तीसुद्धा बोटाचंच बोलली, म्हणाली बरण्यांची झाकणं हल्ली मीच उघडते, तुमच्या लक्षात आलंय का? आणि मग विचारलं, "तो ब्रश बदललात का?" म्हटलं, कुठला ब्रश? म्हणाली, माझा दात घासायचा जुना निळा ब्रश, जो मी टाकून दिला होता आणि तुम्ही केराच्या डब्यातून उचलून बँकेत नेलात तो. केस गळत होते म्हणूनच तर मी टाकला. म्हटलं, इथं माझी नोकरी चाललीय आणि तुझं ब्रशाचं काय घेऊन बसलीस! तर गप्प बसली. आता तुम्हाला सांगतो, लग्न होऊन तीस वर्षं झाली, ती वाद घालते तेव्हा चूक असू शकते, पण गप्प बसते तेव्हा ती कधीही चूक नसते. हे मला माहीत होतं. तरी मी लक्ष दिलं नाही, कारण माझं सगळं लक्ष बोटात.

तेवढ्यात आला मेहुणा. हा मेहुणा पंखे दुरुस्त करतो, त्यामुळे जगात जे जे फिरतं ते त्याला कळतं असा त्याचा समज आहे. रिव्हॉल्वर त्यानं जन्मात पाहिली नाही, ती बँकेच्या कपाटात, हा माझ्या घरी खाटेवर, पण रोगाचं निदान तयार! म्हणाला, भाऊजी, दोन गोष्टी. एक, तेल कमी पडतंय. जिथं खरखर तिथं तेल, हा नियम पंख्याला लागू, तोच विमानाला. दोन, बोटाला व्यायाम. कपडे वाळत घालायचे चिमटे घ्या, बोट आणि अंगठ्यात धरा, रोज दोनशे वेळा दाबा, आठवड्यात बोट लोखंडाचं होतं. कुणाचं झालं? म्हणाला, कुणाचं विचारू नका, करा. असेल. मी कशाला नाही म्हणू?

म्हणजे बघा, आता सकाळी तेल आणि संध्याकाळी चिमटे. दोन थेंबांचे चार केले, चाराचे दहा केले, शेवटी बाटलीचं टोक आत घालून दाबायला लागलो. पट्ट्यातून तेल पाझरायला लागलं, पॅन्टवर इथं, मांडीपर्यंत, हा एवढा डाग, आणि मी स्टुलावरून उठलो की स्टुलावरसुद्धा. एका बाईंनी आपल्या मुलाला बाजूला ओढून घेतलं. आणि चाप? चाप दुसऱ्या दिवशी जास्त जड! इकडे संध्याकाळी चिमटे, चिमटे लाकडाचे, जुने, पहिल्या दिवशी चार मोडले, दुसऱ्या दिवशी सहा, तिसऱ्या दिवशी दोरीवर धरायला चिमटाच उरला नाही आणि माझा तेलाचा डाग धुतलेली पॅन्ट उडून शेजाऱ्यांच्या गच्चीवर. शेजारी परत द्यायला आला, डागाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, काही दुखतंखुपतं का? त्याला काय सांगणार, बोट म्हातारं झालंय?

मग म्हटलं, आता सरळ मार्ग. कंपनीला अर्ज. 'माननीय महोदय, शस्त्राचा चाप खरखरीत झाला असून मध्येच अडतो, तरी चाचणीपूर्वी तपासणी व्हावी ही विनंती.' तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, टाइप करून, शिक्क्यासकट. काय उत्तर असेल? 'आपल्या शाखेतील दैनंदिन नोंदवहीनुसार शस्त्र सुस्थितीत व चाप सुरळीत असल्याचा शेरा अर्जाच्या दिवशीही आढळतो. सबब तक्रार निकाली.' मी वही उघडली. खरंच की! ज्या दिवशी अर्ज लिहिला, त्या दिवशीसुद्धा सकाळी माझ्याच अक्षरात 'चाप सुरळीत', खाली माझी सही, सहीखाली दोन ठिपके, मी देतो तसे. हात आपला चालतो हो, एकोणीस वर्षांची सवय, चाप खरखरला तरी हात लिहितो सुरळीत. आता माझ्याविरुद्ध माझाच पुरावा, मग मी दाद कुणाकडे मागू? त्या दिवशी मी दुपारचा डबा तसाच परत नेला.

आणि आला चाचणीचा दिवस. रात्री झोप नाही, बोटाला हळदीचा लेप, तो सकाळी निघता निघेना, बोट पिवळं. शिट्टीवाला आपला इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, म्हणाला, काय... काका, बोट पिकलं की काय! म्हटलं, चल.

तिथं मैदानाच्या कडेला पत्र्याची एक खोली आहे, हत्यारं दुरुस्त करणारा मिस्त्री बसतो. म्हातारा माणूस, चष्म्याला दोरी, समोर संत्रं सोलून ठेवलेलं, एकेक फोड खातो आणि बोलतो त्याहून कमी. मी आपला शेवटचा उपाय म्हणून आत गेलो, म्हटलं मिस्त्री, चाप खरखरतोय, म्हणजे बोट माझंच जरा... मी आपला बोटाचा दोष आधीच कबूल करायला लागलो, म्हटलं तेवढीच त्यांना मेहनत नको. मिस्त्री म्हणाले, रिकामी करा. केली. दाखवा. दाखवली. परत दाखवा. परत दाखवली. मग माझ्या बोटाकडे, पिवळ्याधमक बोटाकडे, ढुंकूनही न बघता त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कुठल्या घराला अडतं?"

म्हटलं, म्हणजे? म्हणाले, घरं सहा आहेत. त्यातल्या कुठल्या घराला? अहो, आठ दिवस! आठ दिवसांत साहेबांनी वय विचारलं, शिट्टीवाल्यानं दम विचारला, मेहुण्यानं तेल विचारलं, शेजाऱ्यानं दुखणं विचारलं, पण एकानंही, मी स्वतःसुद्धा, कुठल्या घराला अडतं हे विचारलं नव्हतं. मिस्त्रींनी एका घरावर खडूनं खूण केली, रिव्हॉल्वर माझ्या हातात दिली, भिंतीकडे, ओढा. एक, सरळ. दोन, सरळ. तीन, सरळ. चार... खर्रर्र. पाच, सहा, सरळ. पुन्हा. एक, दोन, तीन, चार, खर्रर्र. पुन्हा. चार, खर्रर्र! मिस्त्रींनी संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाले,

"बोट म्हातारं असतं तर सहाही घरांना म्हातारं असतं. बोटाला काय माहीत चौथं घर कुठलं?"

तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आठ दिवसांनी पहिल्यांदा कुणीतरी मला निर्दोष सोडत होतं. वाटलं वाकून पाया पडावं, पण हातात रिव्हॉल्वर असताना वाकू नये.

मग त्यांनी चक्र बाहेर काढलं. चक्राच्या मागं एक चांदणी असते, रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलायला, ती दांडा दाबून वर उचलली, आणि खाली काय, तर तेलाचा चिकटा, काळपट, डिंकासारखा, त्यात पिवळ्या फडक्याचे धागे, आणि त्या चिकट्यात अगदी बरोब्बर चौथ्या घराशी आडवा पडलेला एक केस. निळा. ब्रशाचा. चांदणी त्याच्यावर चढून बसली होती, त्यामुळे ते घर आलं की चक्र मागे घासत होतं. मिस्त्रींनी सुईनं तो उचलला, कागदावर ठेवला, विचारलं, तेल कोण घालतं? म्हटलं, मी. किती? म्हटलं, रोज. म्हणाले, रोज? म्हटलं, एकोणीस वर्षं, एक दिवस खाडा नाही. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला, आणि म्हणाले, एवढे लाड केल्यावर कुणाचंही चालणं बिघडेल. असेल. मी कशाला नाही म्हणू?

त्यांनी ते सगळं धुतलं, पुसलं, कोरडं केलं, तेलाचा एक थेंब, तोही सुईच्या टोकावरून, आणि हातात दिली. मी चाप ओढला. एक, दोन, तीन, चार... काही नाही! नुसता सळसळत गेला, गुळगुळीत, माझ्या पहिल्या वर्षीसुद्धा ती अशी नव्हती. मी आनंदानं उठलो. मिस्त्री मागून म्हणाले, आता नव्या ओढीची सवय व्हायला चारआठ दिवस सराव करा. म्हटलं, चाचणी दहा मिनिटांनी आहे. त्यांनी उरलेलं संत्रं उचललं आणि म्हणाले, मग देवाचं नाव घ्या.

मैदानावर मी आणि शिट्टीवाला शेजारी शेजारी. त्याला कंपनीची रिव्हॉल्वर दिलेली, मला माझी. समोर त्याचा काळा माणूस, माझा काळा माणूस, मागे परीक्षक, हातात पाटी. कानांत कापसाचे बोळे घातले. सुरू!

पहिली, लागली. दुसरी, लागली. तिसरी, लागली, छातीत! मला दिसत होतं, तीन भोकं, आता एक, फक्त एक. स्टूल दिसायला लागलं मला, पंखा दिसायला लागला. आणि आली चौथी. आता बघा, आठ दिवस या बोटाला काय शिकवलं होतं? मी मोजलं नव्हतं, पण रोजच्या सहा ओढींत बोटानं आपलं आपण मोजून ठेवलं होतं, एक सरळ, दोन सरळ, तीन सरळ, चौथ्याला अडतं, चौथ्याला दात खाऊन जोर लावायचा. दोनशे दोनशे वेळा चिमटे कशासाठी दाबले? मेंदूला माहीत होतं मिस्त्रींनी केस काढलाय. बोटाला कुणी सांगितलंच नव्हतं! बोटानं आपला इमानेइतबारे चौथ्याला सगळा जोर लावला, आणि समोर अडायला काहीच नाही. दार उघडं आहे हे माहीत नसताना खांद्यानं धडक मारावी तसं झालं. नळी गेली डावीकडे आणि गोळी गेली शिट्टीवाल्याच्या कागदावर. काळ्या माणसाच्या छातीत, मधोमध! एकोणीस वर्षांत इतका सुरेख नेम मी कधी मारला नाही, आणि मारला तो दुसऱ्याच्या घरी.

त्यानंतर कसली पाचवी आणि कसली सहावी. पाचवी वाळूत गेली, सहावी काळ्या माणसाच्या कानाजवळून काहीतरी सांगून गेली. तीन. आणि शिट्टीवाल्याच्या कागदावर गुडघ्याला एक, पोटाला एक, खांद्याला एक, बाकी वाळूत, आणि छातीत माझी. चार! पास!

मी सांगितलं हो, लपवलं नाही. परीक्षकांना म्हटलं, साहेब, ते मधलं भोक माझं आहे. आता ते सांगून मी काही पास होणार नव्हतो, मला माहीत होतं, पण ते भोक माझं होतं. परीक्षकांनी पाटीवरून नजरसुद्धा वर केली नाही. म्हणाले, "भोक ज्याच्या कागदात, त्याच्या नावावर." आणि शिट्टीवाला माझ्याकडे बघून हळहळत म्हणाला, काय... काका, शेवटी बोटानं दगा दिलाच. असेल. मी कशाला नाही म्हणू?

दुसऱ्या दिवशी शिट्टीवाल्याला पट्टा काढून दिला. फडकं दिलं, तेलाची बाटली दिली. ब्रश मी टाकायला काढला होता, तर म्हणाला, तोही द्या, एवढी वर्षं त्याच ब्रशानं इतकी चकचकीत ठेवलीत. मी म्हटलं, बाबा रे, त्याचे केस गळतात, मिस्त्रींनी सुईनं काढून दाखवलाय मला. तर म्हणाला, तुमच्या हातात गळत असतील. तेलाचंही सांगितलं, थेंबभरच घाल. तर म्हणाला, काका, एकोणीस वर्षं तुम्ही रोज घातलंत ते काय उगाच? आता मी जे केलं ते त्याला पटतं, आणि मी जे सांगतो ते पटत नाही, याला माझ्याकडे इलाज नाही. त्यानं शिट्टी माझ्या गळ्यात घातली. तोंडाला लावायच्या आधी मी ती रुमालानं पुसली, एवढंच.

घरी गेलो. बायकोला सांगितलं, निळा केस निघाला म्हणून. मला वाटलं आता म्हणेल, मी म्हटलं नव्हतं? तसं म्हणाली नाही. बुटात घालायला जुन्या चादरीच्या दोन जाड गाद्या शिवून ठेवल्या होत्या, त्या पुढे सरकवल्या, आणि म्हणाली, दिवसभर उभं राहायचं म्हणजे टाचा दुखतील. ते जास्त लागलं हो मला. बोलली असती तर बरं झालं असतं.

...उघडलं का? नाही, अजून पाच मिनिटं आहेत. हां, तो बघा, जुना शिट्टीवाला, नुसता कडी काढून डोकं बाहेर काढतोय. काय रे? इकडे? बोल की, ही आपलीच माणसं आहेत, यांना सगळं माहितीये... काय? मोठ्यानं बोल, गाड्यांचा आवाज आहे. चाप? जड लागतोय? मध्येच अडतोय म्हणतोस? आणि तेल वाढवून बघितलंस, तरी? अच्छा. आणि साहेब काय म्हणाले? वय विचारलं! बरं बरं... हे बघ, कुठल्या घराला अडतं ते मोज आधी. नाही नाही, बोटाचं सोड, बोटाकडे बघू नकोस, घरं मोज. आणि तो ब्रश... काय म्हणालास? मला काय कळतं, मी तर नापास?

असेल. मी कशाला नाही म्हणू?

चला, उघडलं दार. ती लाल स्कूटर कुणाची, जरा सरळ लावा.